ताईच्या लग्नातली गोळी

रविवार, ३ सप्टेंबर

परवाना नाकारला नाही — पण दिलाही नाही!

खिडकीतल्या मुलीनं माझा अर्ज पाहिला, मग कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊ, तुमच्या नावावर गुन्हा आहे." एवढ्या मोठ्यांदा! सगळ्या रांगेनं माना वळवल्या. मागच्या आजीबाईंनी तर पर्स छातीशी धरली आणि मागे सरकल्या. मी हळूच म्हणालो, चोरीचा नाही, लग्नात हवेत गोळी झाडल्याचा आहे. आजीबाई लगेच पुढे आल्या. "कुणाचं लग्न? जेवण काय होतं?"

माझ्या ताईचं, म्हणालो. गदीर ताईचं. जेवण चांगलं होतं.

आता वीस तारखेला परवाना समितीपुढे तोंडी खुलासा. काय केलं, का केलं, पुन्हा करशील का. पटलं तर नर्सिंगचा परवाना. नाही पटलं तर दोन वर्षांनी या! हॉस्पिटलनं डायलिसिसमधली जागा माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवली आहे. त्यानंतर दुसऱ्याला.

मंगळवार, ५ सप्टेंबर

खुलासा चार वेळा लिहिला. प्रत्येक शब्द कोशात पाहिला. बारावीला दोनदा आपटलेल्या माणसानं निदान शुद्धलेखनात तरी आपटू नये. आई म्हणाली, "एवढं अक्षर घोटून लिहिलंस तर त्यांना वाटेल, गोळीसुद्धा अशीच निवांत झाडलीस!"

पण अडचण वेगळीच आहे. ती फक्त इथे लिहितो. गोळी मी झाडली नाही.

काही वर्षांपूर्वी, ताईच्या लग्नाच्या दिवशी मी फाटकापाशी पाहुण्यांच्या गाड्या लावत होतो. वरून आवाज आला. धावत गच्चीवर गेलो तर बाबांचं पिस्तूल मिकदाद काकांच्या हातात. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. काका बाबांचे धाकटे भाऊ, सरकारी शाळेचे हेडमास्तर. मागोमाग पोलिसांचे बूट जिन्यात वाजले. हेडमास्तरवर गुन्हा म्हणजे नोकरी गेली. मी हात पुढे केला. काकांनी पिस्तूल दिलं. एवढंच घडलं.

दंड झाला. नाव नोंदलं गेलं. काका त्यावर आजवर एक अक्षर बोललेले नाहीत. ईदला पाठ थोपटतात फक्त. मी वाकडं बोलत नाही, पण सरळही बोलत नाही.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

काकांकडे जेवण. मनसफची, म्हणजे मटण-भाताची परात मध्ये, सगळे भोवती, आणि विषय — मी!

काका म्हणाले, "खुलासा-बिलासा राहू दे. आपण जाहा नेऊ."

मला ठसकाच लागला. जाहा! मुलीला मागणी घालायला, खुनाची माफी मागायला गावातली मोठी माणसं घेऊन जातात, ती! परवान्यासाठी?

"का नाही?" काका म्हणाले. "मुलगी मिळते, माफी मिळते, मग एक कागद मिळणार नाही? समितीच्या मुख्य त्या हयाम सिस्टर. त्यांचं माहेर इथून जवळच. वडिलांकडेच राहतात. आपण बसायचं, कॉफी येईल, पेला खाली ठेवायचा. मागणं मान्य होईपर्यंत ओठाला लावायचा नाही. घरातून पाहुणा कॉफी न पिता गेला तर कुठल्या बापाला झोप लागेल?"

गदीर ताई माहेरी आली होती. पोराला भरवत म्हणाली, "मेहेर किती ठरवायचा? कुतैबाला कमी किमतीत देऊ नका हं काका!"

सगळे हसले. आई मात्र सगळ्यांत शेवटी हसली, आणि थोडंच.

शनिवार, ९ सप्टेंबर

काका सोबत जमीदचा डबा नेणार आहेत. मी म्हणालो, ही लाच होईल! काका म्हणाले, "सुकवलेल्या ताकाची लाच? जगात कोण घेईल रे?"

गुरुवार, १४ सप्टेंबर

लिहितानाही कान तापतात.

सात गाड्या. अंगात काळ्या पायघोळ अबा, डोक्याला लाल रुमाल, तीन माजी सरपंच म्हणावेत असे म्हातारे. त्यातल्या एकाला आपण कशाला चाललोय हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. रस्ताभर मला विचारत होता, "मुलगी शिकलेली आहे ना?"

हयाम सिस्टरचे वडील, अबू रातिब, फार वयस्कर, कानानं अधू. कॉफी आली. काकांनी पेला खाली ठेवला. सगळ्यांनी ठेवले. काका उभे राहिले. काय बोलले! शाळेच्या गॅदरिंगलाही असं बोलत नाहीत. "आमच्या पोराच्या हातून बालिशपणा घडला. ताईच्या लग्नाचा आनंद पोटात मावेना, हातातून सुटला…" मी चपलांपाशी बसून त्यांच्याकडे पाहत होतो. एकदा तरी नजर चुकवा ना काका! नाही चुकवली.

अबू रातिबना किती ऐकू आलं, अल्ला जाणे. दोन्ही हात वर करून म्हणाले, "प्या! कॉफी प्या! मागाल ते दिलं!"

सगळ्यांनी प्याली. कुणीतरी मिठी मारली. रस्त्यातल्या त्या मुलगी विचारणाऱ्या म्हाताऱ्यानं माझा गालही चाटल्यासारखा चुंबला आणि सुखी राहा म्हणाला.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. हयाम सिस्टर. घरातल्या चपला, हातात चष्मा. "बाबांनी कॉफी दिली, ती त्यांची. परवाना काही बाबांचा नाही." मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "कुतैबा तूच ना? तुझा कागद मी वाचला होता. मी तुझ्या बाजूनं होते रे. आता तुम्ही माझ्या घरी आलात, म्हणजे तुझ्या सुनावणीला मला बसताच येणार नाही. माझ्या जागी अबू शिहाब बसतील."

जमीदचा डबाही परत दिला.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

ताईचा फोन. "काय नवरदेव, मुलीकडच्यांनी नकार दिला म्हणे!"

अबू शिहाबची चौकशी केली. ऑपरेशन थिएटरचे जुने ब्रदर. त्यांच्यासमोर सर्जनसुद्धा नखं तपासून येतात म्हणे.

सोमवार, १८ सप्टेंबर

खुलासा पाठ झाला. आरशासमोर म्हटला. आरशातल्या माणसाला पटला नाही.

बुधवार, २० सप्टेंबर

टेबलामागे तिघं. मध्ये अबू शिहाब — पांढरे केस, बारीक, बोटं लांब. मी सगळं न अडखळता म्हटलं. क्षणिक आवेग. मनापासून पश्चात्ताप. त्यांनी मध्येच हात वर केला.

"छान. आता पाठ केलेलं नको. पिस्तुलाचा सेफ्टीचा खटका कोणत्या बोटानं सरकवलास?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. हातानं काही मदत केली नाही.

"करंगळीनं," म्हणालो.

कडेच्या बाई खोकल्याचं निमित्त करून हसल्या. अबू शिहाब हसले नाहीत. त्यांनी पेन बंद केलं.

"पोरा, तू आयुष्यात पाणी उडवायची पिचकारीसुद्धा धरलेली नाहीस. कुणाचं अंगावर घेतलंस?"

मी करंगळी मुठीत लपवली.

"गोळीचं आम्ही माफ केलं असतं. लग्नात मूर्खपणा होतो. पण हे नाही. उद्या वॉर्डात तुझ्या सिनियरनं चुकीचं इंजेक्शन दिलं आणि तू हात पुढे केलास, मी दिलं म्हणून! आम्ही तुला रागवत बसू, आणि तो सिनियर पुढच्या पेशंटकडे जाईल. तुझ्या चांगुलपणानं माणूस मरेल. कळतंय?"

कळत होतं. तेच तर.

"रविवारी ये. कुणी झाडली ते लिहून आण. नाहीतर फाइल बंद."

गुरुवार, २१ सप्टेंबर

आईला सांगितलं. करंगळीचंही सांगितलं, ती हसेल म्हणून. नाही हसली. "कुणाचं नाव लिहिणार?" मी म्हणालो, तुला माहीत आहे कुणाचं. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. घासलेलीच.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

नमाजानंतर काकांकडे गेलो. अंगणात द्राक्षवेलीखाली बसले होते. मुलांच्या वह्या, लाल पेन. एवढी वर्षं जे बोललो नाही ते उभ्या उभ्या बोललो. "काका, तुमचं नाव लिहू?"

वही बंद केली त्यांनी. वेलीकडे पाहिलं. मला वाटलं, आता रागावतील, नोकरीचं सांगतील, बाबांची शपथ घालतील. मी सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती.

"लिही," म्हणाले.

बस! एवढंच!

"आणि ठळक लिही. मागच्या वेळी तुझा अर्ज वाचायला भिंग लागलं होतं."

परतताना रागानं पाय आपटत आलो. इतकं सोपं होतं? मग आधीच का नाही? गुन्हेगार म्हणून माझी वर्षं गेली ना!

शनिवार, २३ सप्टेंबर

लिहिलं. एकच वाक्य. कोशात पाहावा असा एकही शब्द नाही त्यात.

आईनं दिवसभर तिचा भरतकामाचा काळा झगा उन्हात टाकला होता. कुणाचं लग्न आहे का, विचारलं. "असंच," म्हणाली.

रविवार, २४ सप्टेंबर

कागद खिशातच राहिला.

मी पोचलो तर आई आत बसलेली. काळा झगा, पर्स मांडीवर. अबू शिहाबना सांगत होती, "नवरा असता तर लेकीच्या लग्नात त्यानंच झाडली असती. तो नव्हता, म्हणून मी झाडली. पोलीस आले तेव्हा दिरानं माझ्या हातातून पिस्तूल ओढून घेतलं. बाईमाणूस चौकीत नको म्हणाला. मग त्याच्या हातातून या वेड्यानं घेतलं. दंड भरला, मला वाटलं मिटलं. नाही मिटलं ना? तर लिहा आता, कोर्टात मी जाईन."

अबू शिहाबनी पेन उघडलं. मग माझ्या फाइलवर मंजुरीची सही केली.

काका तिला घेऊन आले होते. बाहेर गाडीत बसले होते, खिडकी खाली करून. मी जवळ गेलो. 

"आईला पुढे बसू दे," म्हणाले. "मागं बसलं की तिला गाडी लागते."