मृत्यू सकाळी दहा, श्वास सायंकाळी सहापर्यंत

तीर्थस्वरूप वन्स यांस,

त्या सकाळी मी उशांचे अभ्रे पिळून वाळत घालत होते आणि तुमचे भाऊ स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होते. (नमस्कार राहिलाच. गुडघे कसे आहेत? तेल लावता, की नुसतं लावते म्हणता?) पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. स्टूल, फरशी, तीन दिवस इस्पितळ, आणि चौथ्या सकाळी दहाला डॉक्टरांनी मेंदू मेल्याचं सांगितलं. मी फुप्फुसं द्यायला होकार दिला. तुम्ही "माझ्या भावाची वाटणी केलीस" म्हणालात आणि निघून गेलात. त्याला पाच महिने झाले.

तुम्ही गेल्यावरची हकिगत ऐका. फुप्फुसांत पाणी साचलेलं निघालं. अशी फुप्फुसं पूर्वी टाकूनच देत. आता ती काचेच्या घुमटाखाली ठेवतात, आतून कोमट द्राव खेळवतात, यंत्राने श्वास देतात आणि सुधारली तरच दुसऱ्याला बसवतात. (माहितीपुस्तिका दोनदा वाचली, अडलेले शब्द नर्सबाईंना विचारले.) जिवंतपणी खोकून खोकूनही दवाखान्याची पायरी न चढलेला माणूस, आणि त्याच्या फुप्फुसांच्या दिमतीला चार जण, दर तासाला तपासणी. सहा वाजता पास झाली. पहिल्या फटक्यात पास होणं त्यांना शाळेत कधी जमलं नव्हतं, हे तुम्हीच सांगायचात.

आता दाखल्याचं. कचेरीतले कारकून म्हणाले, "बाई, मृत्यू दहाला आणि इस्पितळाच्या कागदावर फुप्फुसं सहापर्यंत चालू. नक्की गेले कधी?"

म्हटलं, "माणूस दहाला गेला. फुप्फुसं मागे थांबली."

"तसा रकाना नाही."

"मग आखा एक."

त्यांनी चष्मा पुसला आणि नियम सांगितला: मयताने दहानंतर स्वतः श्वास घेतला नाही, असं रक्ताच्या नात्यातल्या कुणीतरी लिहून द्यायचं. बायको चालत नाही. (तिला काय माहीत, तिने तीस वर्षं नुसतं घोरणं ऐकलं.) दाखल्याशिवाय घर माझ्या नावावर होत नाही. तेव्हा येऊन सही करावी.

तुमची वहिनी

ता. क. खोटं लिहिलं. दाखला मागच्याच महिन्यात मिळाला. मोठ्या साहेबांनी कारकुनाकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. सही नको, तुम्ही या.

आणखी एक ता. क. मला त्या काचेपाशी नेलं होतं. फुप्फुसं फुलत होती, बसत होती. तोंडातून निघून गेलं, "दमानं घ्या." शेजारी विचारतात, ते गेले कसे. ते होते कसे, यावर भांडायला मला तुमच्याशिवाय कुणी नाही.

हे सगळं काल लिहिलं. आज सकाळी इथल्या तुमच्या पलंगावर धुतलेली चादर घातली आणि पत्र पेटीत टाकायला निघाले.