दादाचा निळा

१० नोव्हें., सोम.
बंपरच्या क्रॅशचं सिम्युलेशन जुन्या मशीनवर परत लटकलं. सर म्हणाले, "नवीन घेऊ. प्रोसेसर निळ्या कंपनीचा की लाल, ते मनीषा, तू ठरव." दोन्ही कंपन्यांचं एकेक मशीन ट्रायलला चाकणला आलंय. निळं दादाने दिलंय, भोसरीच्या दुकानातून. सख्खा भाऊ आहे, हे सरांना आधीच सांगून टाकलं. "मग काय झालं? रिपोर्ट खरा दे."

११, मंगळ.
दादाचा फोन. "निळ्याचे कोअर मोज, लालचे मोज. विषय संपला!" प्रत्यक्ष काम करणारे भाग ते कोअर, आणि ते निळ्यात जास्त, हे खरं. दुकान काढल्यापासून लाल विकला नाही पठ्ठ्याने. ही ऑर्डर मिळाली तर चाकणमध्ये पाय रोवता येईल, म्हणून जीव टांगणीला लागलाय त्याचा. माझाही. मला इंजिनिअरिंगला घालायला हाच बाबांशी भांडला होता.

१३, गुरु.
दोन्ही मशीनवर तेच सिम्युलेशन चालवलं. निळा हरला. सेटिंग तपासलं, परत चालवलं. तेच.
कारण सापडलं. निळ्यात थोडे कोअर दांडगे, बाकीचे छोटे, वीज वाचवायला. लालमध्ये सगळे सारखे. आमचं सॉफ्टवेअर सगळ्या कोअरना सारखंच काम वाटून देतं. दांडगे उरकून बसतात, छोट्यांची वाट बघत. छोटे बंद केले तर निळा उलट जोरात पळाला! तरी लालच्या मागेच.
दादाला सांगितलं. "मग बंद करूनच देतो की! तेवढं लिही." अरे, विकत घेऊन बंद ठेवायचे? "तू माझी बहीण ना?" फोन आपटला. रडूच आलं. जेवायला कॅन्टीनला गेले नाही.

१४, शुक्र.
रिपोर्ट दिला. लाल. छोटे बंद केल्यावर काय होतं, तेही लिहिलं. सर म्हणाले, "लालचं कोटेशन सगळ्यांकडून मागवू. भावालाही सांग. निवड परचेस डिपार्टमेंट करेल, तू नाही."
दादाला कळवलं. "मी लाल विकू? गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू?" अरे बाबा, प्रोसेसर आहे, जावई नाही! हसला नाही.

१७, सोम.
कोटेशनची मुदत उद्यापर्यंत. रहाटणीला घरी पोचते तोच वहिनीचा फोन, दबक्या आवाजात. "मनीषा, हे दुपारपासून लालच्या डीलरशी बोलतायत. तोंड एवढंसं झालंय. तू काही बोलू नकोस हं."
नाही बोलत, म्हटलं.
कोटेशन द्यावंच त्याने. आणि दिलं, तरी माझ्याशी पहिल्यासारखा बोलेल का, कुणास ठाऊक.