डावीकडचा अंधार

२१ नोव्हेंबर १९६५
सुमिएचं लग्न झालं. धाकटी उजवली, आता सगळे माझ्याकडे बघतात.

आमच्या कॅमेऱ्याच्या कारखान्यातून मागून आणलेला नवा कॅमेरा बाबांच्या हातात दिसला. मी ओढूनच घेतला— "हात नका लावू, परत द्यायचाय." तर म्हणाले, "पडदेच तर आहेत आत. पडदे बसवायला कारखाना कशाला लागतो?" सगळे हसले. मीही हसले, पण लागलं मनाला; शटरचे पडदे बसवणं हेच तर माझं काम.

ओळखपत्र सोडलं तर जन्मात फोटोला न बसलेला माणूस आज बसला. रीतीप्रमाणे मुलीचे आईबाप अगदी शेवटी, डाव्या टोकाला. फ्लॅशचे तीन बल्ब उडवले.

२६ नोव्हेंबर
तिन्ही फोटो अर्धे काळे! नवरानवरी स्वच्छ, त्यांच्या डावीकडे नुसता अंधार. आईबाबा नाहीतच.

वरच्या चकतीवर शटरच्या वेगाचा आकडा १२५वर राहिला होता. फ्लॅशला साठच्या वर जायचं नाही, हे नव्या पोरींना मीच शिकवते. एक पडदा सरकतो, मागून दुसरा येतो. साठला मध्ये अख्खी खिडकी उघडी मिळते. १२५ला दुसरा आधीच निघतो, फ्लॅश उडतो तेव्हा उरते ती फट. त्या दिवशी सकाळीच साठ लावल्याचं आठवतंय. पण रोज तपासून झालं की १२५ लावूनच कॅमेरा पुढे सरकवते— सहा वर्षांची सवय. हातानंच घात केला.

२७ नोव्हेंबर
आमचे मुकादम मियासाकासान म्हणाले, "जुना पाकळ्यांच्या शटरचा न्यायचास की! पाकळ्या भिंगातच, पूर्ण उघडतात, कुठल्याही आकड्याला फ्लॅश चालतो. पण बाईसाहेबांना नवा मिरवायचा होता."
होताच. बाबांपुढे मिरवायचा होता.

५ डिसेंबर
बाबांना सांगितलं. "बरं झालं. हे थोबाड कुणाला बघायचंय?" नव्या वर्षाला पुन्हा काढू म्हटलं. "बघू."

३ जानेवारी १९६६
नाही काढला. खोकत होते, दाढी वाढली होती. मीही आग्रह केला नाही.

१७ फेब्रुवारी
बाबा गेले.

१९ फेब्रुवारी
फुलांमध्ये ठेवायला फोटो नाही. ओळखपत्रावरचा नखाएवढा मोठा करून आणला. कुणीतरी परकाच माणूस वाटतो. येणारा प्रत्येकजण आईला माझ्याबद्दल विचारतो, "फुसाए कॅमेऱ्याच्या कारखान्यात ना?" मी चहा ठेवते आणि आत जाते. लाज वाटते.

६ एप्रिल
बाबांचा एकोणपन्नासावा दिवस, आमच्यातला मोठा विधी. भांडी पुसता पुसता आई सहज बोलून गेली—

"लग्नाच्या दिवशी मला विचारत होते, ह्यात आपल्या पोरीचं काम कुठलं गं? म्हटलं, मला काय ठाऊक. मग ती वरची आकड्यांची चकती फिरवली, कानाशी धरून कळ दाबली. म्हणाले, काय सफाईनं जातो बघ पडदा. पुन्हा ऐकणार होते, तेवढ्यात तू येऊन ओढून घेतलास."

७ एप्रिल
फिल्मची पट्टी काढून बघितली. लग्नाच्या तीन फोटोंआधी एक कोरी चौकट आहे. वाया गेली म्हणून मी कापून टाकणार होते.