टाकीवरच्या दोन घारी

मंगळवार, संध्याकाळ

सावंतकाकांवर चिडून आले, आता स्वतःवरच चिडतेय. लोकांनी पाठवलेल्या नोंदींवरून आमचा मुंबईतल्या घारींचा नकाशा बनतो. त्यात लालबागचा ठिपका काकांचा. चाळीच्या गॅलरीतून रोज एकच नोंद: 'टाकीवर दोन घारी.' त्याच भरवशावर मी अहवालात लिहिलं, टॉवर आले तरी घारी टिकल्या. आज पहिल्यांदाच तिथे गेले. चाळ दोन महिन्यांपूर्वीच पाडलेली. टाकी कुठली!

चाळीतल्यांना तात्पुरतं हलवलंय त्या वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात काकांना गाठलं. खिडकीसमोर भिंत.

"काका, अहो, टाकीच नाही तिथे!"

"ठाऊक आसा. पण शून्य लिहूक हात उठणा नाय गो."

घरी येऊन दोन महिन्यांच्या नोंदी पुसल्या. शून्य मीच भरलं. उद्या सकाळी काकांकडून टाकीवरच्या दोन घारी पुन्हा येतील, आणि त्याही मलाच पुसाव्या लागतील.