लामा होटेल ते क्यांजिन, एका दिवसात

१२ सप्टेंबर
इथल्या मराठी मंडळात कुलकर्ण्याच्या पुस्तिकेचं प्रकाशन. 'माझं लांगटांग'. माझं म्हणे! अख्खी माझी ट्रेकची फाईल. मार्चमध्ये "नजर टाकतो" म्हणून घेतली होती. मंत्र कोरलेल्या दगडांची मणी भिंत उजव्या हाताला ठेवून चालायचं, याकचं चीज, लोणी घातलेला खारट चहा, स्वल्पविरामसुद्धा माझे. हा हिमालयात पाऊलही न टाकलेला माणूस. वर मलाच म्हणतो, "हबीबी, आमचा एक फोटो काढ रे." काढला. मुद्दाम डोकं कापलं.

१३ सप्टें.
झोप नाही. मंडळात उभं राहून बोलावं, तर पुरावा काय? सोडणार नाही मात्र.

२० सप्टें.
ग्रुपवर ट्रेकचं वेळापत्रक. कुलकर्णी अकरा जणांना घेऊन निघालाय, ऑक्टोबरात. दुसरा दिवस: लामा होटेल (ही वस्ती, हॉटेल नव्हे) ते थेट क्यांजिन. माझ्याच फाईलमधून. वाचून एकटाच हसलो.
फाईलमध्ये नाही ते असं. एका दिवसात तेवढं चढून, उंची लागून मी क्यांजिनला ओकत पडलो होतो, स्वतःचं नाव आठवेना. आमच्या वेअरहाऊसचा फोर्कलिफ्टवाला पासांग, ज्याच्या गावी मी सुट्टीला गेलो होतो, त्यानं पाठीवर घेऊन मला खाली लांगटांग गावात आणलं. मधे लांगटांगला मुक्काम करायचाच असतो. तो सांगत होता, मी ऐकलं नाही. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही.
आता चढ म्हणावं. चारचौघांत ओक.

२४ सप्टें.
कु.च्या बायकोचा, सुनीतावहिनींचा फोन. "भाऊजी, तुम्ही जाऊन आलात ना? मला झेपेल ना हो? हे म्हणतात, सोपंय."
"झेपेल की," म्हणालो.
नंतर चहा केला, तसाच गार झाला. मी नीच. पण कु. माझ्याहून नीच.

२९ सप्टें.
कामावर जाताना जबल अलीच्या बसमध्ये पासांगला पुस्तिका दाखवली, वहिनीही चालल्यात हे सांगितलं. नेपाळी येतं, त्यामुळे मराठी अक्षरं लावतो. त्यातल्या वेळापत्रकावर बोट थांबलं.
"एक दिन में? सर, ये गलत है. आपको तो मालूम है."
"भुगतने दो उसको."
"मॅडम भी भुगतेगी?"
मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्यानं पान उलटलं. भूकंपात दरडीखाली गेलेल्या जुन्या गावावरून जाताना 'मी टोपी काढली' असं तिथं आहे. टोपी पासांगनं काढली होती, आई आहे त्याची त्या दगडांखाली. आणि तो 'मी' कु.नं घातलेला नाही, माझाच आहे.
"आपने जो लिखा था, उसमें मेरा नाम था?"
नव्हतं. तसंच सांगितलं. त्यानं पुस्तिका मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

३ ऑक्टो.
उद्या सकाळी त्यांचं विमान. ग्रुपवर टाकायला मजकूर लिहिलाय: "लांगटांगला मुक्काम करा. मी केला नाही, पासांगनं मला पाठीवर उतरवलं." दुसरं वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. ते नसलं तर कु. लगेच लिहील, "थँक्स, हे मला माहीतच होतं," आणि तेही त्याचं होईल. असलं तर मंडळ जन्मभर हसेल, आणि कु. सगळ्यांत मोठ्यानं.
वहिनींनी नव्या बुटांचा फोटो टाकलाय. मी लाइक केलं. मजकूर अजून पाठवलेला नाही.