रोशनाराची खोली

८ जुलै, मंगळवार

डोकं नुसतं तापलंय! कल्पिता आणि तिच्या संस्थेच्या पोरी आमच्या मालकीच्या कोलशेतच्या चाळीत आल्या. भेदरलेल्या भाडेकरूंशी बोलायचं, त्यांच्या मनावरचा ताण हलका करायचा. चांगलं काम, म्हणून तर मी सोबत फिरते. पण गळ्यात ओळखपत्रं, हातात फाईल — आणि दारं बडवतात! पोलीस अस्सेच आलेले. आमची भाडेकरू रोशनारा, तिच्या नवऱ्याला बांगलादेशी म्हणून असंच नेलं. बंगाली बोलतो, हाच गुन्हा! आधार दाखवलं तर म्हणे, "खोटं असेल." फोनही काढून घेतला.

पोरी दार वाजवतायत आणि आत रोशनारा लेकराच्या तोंडावर हात दाबून बसलेली. मी खिडकीतून पाहिलं.

कल्पिताला झापलं. "अगं, आमच्यात दार कोण वाजवतं? ओट्यावर टेकायचं, हाक मारायची!"

"सॉरी मावशी, ट्रेनिंगमध्ये असंच शिकवलेलं."

ट्रेनिंग!

९ जुलै

सूप घेऊन ओट्यावर सुकट निवडायला बसले. कल्पितालाही बसवलं. ओळखपत्र पर्समध्ये टाकायला लावलं. बिचारी नाक मुरडत होती.

"मावशी, हे सेशन आहे?"

"हो. कचरा काढ आधी."

१० जुलै

कोणी फिरकलं नाही. हात मात्र वास मारतायत.

१२ जुलै, शनिवार

रोशनारा आली! आपणहून. सूप स्वतःकडे ओढलं. "मौसी, हमारे में इसको शुटकी बोलते हैं." निवडता निवडता बोलायला लागली. झोपताना चपला उशाशी घेते. आणि पोराला शिकवलंय — बाहेर खेळताना पडलास, लागलं, तर बंगालीत रडायचं नाही.

बंगालीत रडायचं नाही! चार वर्षांचं पोर! कुणाची जीभ हासडावी तेच कळेना.

कल्पितानं काही लिहून घेतलं नाही. नुसता तिचा हात धरून बसली. शिकतेय पोरगी.

१३ जुलै, रविवार

सुधीर, माझा लेक, जेवताना म्हणतो, "आई, मी बंगाल्यांना उद्या खोल्या खाली करायला सांगितलंय."

"अरे, तिचा नवरा सुटून आला तर तिला शोधणार कुठं?"

"आपल्याला काय करायचंय? नसती लफडी! पोलीस स्टेशनच्या फेऱ्या तू मारणार?"

त्याच्यापुढचं ताट उचललं. घोडबंदरचे टॉवर ह्याच माणसांनी बांधले, ह्यांच्याच भाड्यावर ह्याची गाडी आली. तेव्हा बंगाली चालत होती! ओरडले. शेजारीपाजारी ऐकत होते, ऐकू देत!

सून खाली मान घालून भात कालवत राहिली.

१४ जुलै

अंथरूण आणि औषधांचा डबा घेऊन रोशनाराच्या खोलीत राहायला आले. सुधीर दारात येऊन उभा राहिला. म्हटलं, "कर खोली खाली. सुरुवात माझ्यापासून."