ऋताचा फोन वाजला नाही

झाशी, मंगळवार

सौ. अंबिकेस, झाशीहून आशीर्वाद.

आपली ऋता बरी आहे. पायांना सूज आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणतात, सातव्या महिन्यात एवढी असायचीच. तू काळजी करू नकोस, मी करतो आहे ती पुरे. तुझे लाडू जावई एकटेच संपवताहेत.

मी तिला बाळंतपणाला न्यायला आलो, पण ती नोकरी सोडून हलेना. कंपनीचे प्रोग्राम शेकडो मशीनवर चालतात. कोणता कुठे चालवायचा, बंद पडला तर पुन्हा कसा उठवायचा, ही व्यवस्था हिच्याकडे. जरा बिघडलं की हिचा फोन वाजतो, इथल्या लक्ष्मी ताल तलावाकाठी देवीपुढे हात जोडतानासुद्धा. जावई म्हणतात, "बाबाजी, हमारी तो सुनती नहीं, तुम्हीच सांगा."

काल एक मशीन दुरुस्तीला काढायचं होतं. तिने आधी त्यावर नवं काम येणं थांबवलं, चालू काम दुसऱ्या मशीनांवर हलवलं, मगच ते बंद केलं. म्हणाली, "बघा बाबा, कुणाला कळलंही नाही."

मी भीत भीत विचारलं, "मग तुझं काम कोण हलवणार गं?"

ती नुसती हसली. संध्याकाळी तिने ऑफिसातल्या अक्षतला सगळं समजावून दिलं. आज दुपारी बिघाड झाला म्हणे, पण फोन अक्षतचा वाजला. ऋता झोपली होती. तिचा फोन मी हातात धरून बसलो होतो.

शुक्रवारी आम्ही निघतो. गुडघ्यांना तेल लावतेस ना? खालची खोली शेजारच्या मुग्धाकडून झाडून घे. तू वाकू नकोस.

घरच्या ओढीने,
वामन